फायरवॉल बंद केली की चालणारा प्रोग्रॅम: सोलापुरातल्या एका घराचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात घर आणि कारखाना एकमेकांना लागून असणं नेहमीचं. मागे शेडमध्ये लूम, पुढच्या खोलीत ऑफिस, वर राहायच्या खोल्या. या प्रकरणातलं घर असंच आहे. टेरी टॉवेल आणि नॅपकिन विणले जातात, बराचसा माल राज्याबाहेर जातो. पुढच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे. सुताची आवक, तयार माल, उधारी, जीएसटीची बिलं, सगळं त्यातल्या एका बिलिंग प्रोग्रॅममध्ये. कारखान्याचा कारभार घरातले मोठे बघतात, त्यांना सगळा भाग अण्णा म्हणतो. बिलं त्यांची सून, म्हणजे आमच्या वहिनी, करतात. लेकरू लहान आहे, संध्याकाळी खाली येऊन तासभर बसणं जमत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर एक लॅपटॉप घेतला, त्यावर तोच प्रोग्रॅम टाकला. माहिती राहते खालच्या डेस्कटॉपवर, लॅपटॉप ती घरच्या वाय-फायवरून मागून घेतो.

ही व्यवस्था बरेच महिने नीट चालली. मग फायबरचं नवं कनेक्शन आलं. जुना राउटर काढला, नवा बसवला, इंटरनेट वेगात सुरू झालं आणि वरच्या लॅपटॉपवरचा बिलिंग प्रोग्रॅम ठप्प झाला. उघडायचा, पंधरा-वीस सेकंद थांबायचा आणि ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ एवढंच सांगायचा. खालच्या डेस्कटॉपवर मात्र तो पहिल्यासारखाच चालत होता. राज्याबाहेर जाणारा ५०,००० रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय हलत नाही. टेम्पो दारात उभा आहे आणि वहिनी लेकराला कडेवर घेऊन जिना उतरताहेत, असं रोजचं होऊन बसलं.

आधी काय काय करून पाहिलं होतं

मी पोचण्याआधी अण्णांच्या भाच्यानं आणि प्रोग्रॅम देणाऱ्या कंपनीच्या फोनवरच्या माणसानं काही उपाय केले होते. ते इथे सांगणं गरजेचं आहे, कारण त्यातून बरीच माहिती हाती आली.

भाच्यानं लॅपटॉपवरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणती जोडणी होऊ द्यायची हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्यात, बिलिंग प्रोग्रॅमला परवानगी दिली होती. त्याचा काही उपयोग होणार नव्हता. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणाऱ्या जोडण्या मुळात अडवत नाही, ती आत येणाऱ्या अडवते. लॅपटॉप हाक मारणारा आहे, ऐकणारा खालचा डेस्कटॉप. परवानगी लागते ती ऐकणाऱ्याच्या बाजूला. घरोघरी ही गल्लत दिसते, कारण अडचण ज्या पडद्यावर दिसते तिथेच दुरुस्ती करावीशी वाटते.

फोनवरच्या माणसानं सांगितलं, ‘डेस्कटॉपची फायरवॉल बंद करा.’ ती बंद केली आणि प्रोग्रॅम लगेच चालू झाला. पुन्हा चालू केली, पुन्हा अडला. मग ती बंदच ठेवली गेली. विंडोज कोपऱ्यात लाल खूण दाखवत राहिलं. त्याच डेस्कटॉपवर बँकेचे व्यवहार होतात हे वहिनींना ठाऊक होतं. त्यांचं मन मानेना, म्हणून मला बोलावणं आलं.

फायरवॉल बंद करून पाहण्याला तपास म्हणून किंमत आहे, हे मी आधी मान्य करतो. त्या एका चाचणीनं केबल, वाय-फाय, राउटर, डेटाबेसचा पासवर्ड, लॅपटॉपवरची मांडणी हे सगळे संशयित बाजूला झाले. अडथळा डेस्कटॉपच्या फायरवॉलमध्येच आहे हे पक्कं झालं. पण त्या फायरवॉलमध्ये शेकडो नियम असतात. त्यातला कोणता आडवा येतोय, किंवा कोणता असायला हवा होता आणि नाही, हे या चाचणीतून कळत नाही. अडथळे दोन असतील तर तेही कळत नाही, कारण दोन्ही एकदमच नाहीसे होतात. इथे नेमकं तेच झालं होतं.

अण्णांचा प्रश्न

अण्णांनी सरळ विचारलं, “बंद केलं की चालतंय, चालू केलं की अडतंय. मग बंदच ठेवलं तर काय बिघडतंय? मध्ये राउटर आहे की.”

या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही, कारण त्यात तथ्य आहे. घरातल्या यंत्रांना राउटर १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतो. हे पत्ते फक्त घरापुरते, इंटरनेटवर ते चालत नाहीत. बाहेरून कोणी आपणहून आत यायला बघितलं तर ते कोणत्या यंत्राकडे पाठवायचं हे राउटरला ठाऊकच नसतं, म्हणून ते तिथेच गळतं. जुन्या पद्धतीच्या कनेक्शनवर राउटर असा आडोसा देतोच.

पण दोन गोष्टी अण्णांच्या हिशेबात नव्हत्या. पहिली, या घरातलं वाय-फाय फक्त घरच्यांचं नाही. पासवर्ड कामगारांकडे आहे, माल बघायला येणाऱ्या व्यापाऱ्यांना दिला जातो, नातेवाईक येतात, पोरांचे मित्र येतात. यातला कोणताही मोबाइल किंवा लॅपटॉप राउटरच्या आतच असतो. त्यातलं एक यंत्र जरी रोगट असलं तरी ते थेट डेस्कटॉपवर चालून जाऊ शकतं, राउटर त्याला थांबवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा एका ऑफिसातलं एक यंत्र लागलं की शेजारची यंत्रं ४४५ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे संगणकाचं नंबर दिलेलं दार) धडाधड लागत गेली होती. घरातल्या घरात यंत्रांना एकमेकांपासून वाचवायचं काम डेस्कटॉपची स्वतःची फायरवॉलच करते.

दुसरी गोष्ट नव्या फायबरची. पत्ते तपासले तेव्हा डेस्कटॉपला १९२.१६८ च्या जोडीला आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचाही पत्ता मिळालेला दिसला, आणि तो जगभर चालणारा होता. अशा पत्त्याला राउटरचा जुना आडोसा लागू होत नाही. राउटरमध्ये आत येणाऱ्या आयपीव्ही६ जोडण्या अडवणारी वेगळी फायरवॉल असावी लागते आणि ती चालू असावी लागते. इथल्या राउटरमध्ये ती चालू होती, मी सेटिंगमध्ये जाऊन बघितली. पण तेवढ्या एका टिकमार्कवर बँकेचं यंत्र सोडून द्यावं, हे मला पटत नाही.

आणि या विशिष्ट प्रोग्रॅमबद्दल एक जास्तीची काळजी. त्याच्या पोटात मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस आहे. घरात कोणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. प्रोग्रॅमबरोबर तो आपोआप बसला आणि विंडोजबरोबर आपोआप सुरू होतो. अशा तयार प्रोग्रॅममध्ये डेटाबेसचा मुख्य पासवर्ड बऱ्याचदा सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच ठेवलेला असतो. म्हणजे डेटाबेसपर्यंत जो पोचला, त्याला आत शिरायला फार कष्ट नाहीत.

हा धोका जुना आणि घडून गेलेला आहे. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा किडा, म्हणजे यंत्रामागून यंत्रात आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, याच एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ नंबरच्या यूडीपी पोर्टवरून सुटला (यूडीपी आणि टीसीपी या नेटवर्कवर माहिती पाठवायच्या दोन रीती). सगळा मिळून ३७६ बाइटचा होता, नेटवर्कवरून माहिती ज्या तुकड्यांत जाते तशा एका पाकिटात मावणारा. दहा मिनिटांच्या आत सापडण्याजोगी बहुतेक यंत्रं त्यानं गाठली, सुमारे ७५,०००. त्या दोषाची दुरुस्ती सहा महिने आधीच, जुलै २००२ मध्ये निघाली होती. पण पुष्कळांना आपल्या यंत्रात एसक्यूएल सर्व्हर आहे हेच माहीत नव्हतं, दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमबरोबर त्याची छोटी मोफत आवृत्ती येऊन बसली होती. अण्णांच्या डेस्कटॉपवरचा एक्सप्रेस हा त्या छोट्या आवृत्तीचाच पुढचा वंश. २००३ च्याच ऑगस्टमध्ये ब्लास्टर हा आणखी एक किडा आला, आणि ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल मुळातच चालू अवस्थेत येऊ लागली. तोवर ती होती, पण आपण चालू करावी लागायची. आज तीच बंद करायला सांगणं म्हणजे पुन्हा २००३ मध्ये जाऊन बसणं.

हे सगळं ऐकल्यावर अण्णा म्हणाले, “मग चालू ठेवा, पण बिल निघालं पाहिजे.” अट रास्त होती.

लॉगमध्ये काय दिसलं

पहिलं काम, फायरवॉल चालू केली आणि प्रोग्रॅम पुन्हा अडतो याची खात्री केली. दोष समोर घडत नसेल तर दुरुस्ती झाली की नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

दुसरं काम, फायरवॉललाच विचारणं. विंडोजची फायरवॉल आपण काय अडवलं याची नोंद ठेवू शकते, पण ती सोय मुळात बंद असते. ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीच्या खिडकीत प्रॉपर्टीजमध्ये गेलं की डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशा तीन प्रोफाइलचे तीन टॅब दिसतात. प्रोफाइल म्हणजे ऑफिसचं, घरचं किंवा परकं अशा नेटवर्कच्या प्रकारानुसार लागणारी शिस्त. प्रत्येकात लॉगिंगचं बटण आहे. तिथे ‘अडवलेल्या पाकिटांची नोंद’ चालू केली, तिन्ही प्रोफाइलसाठी. फाइलची कमाल मर्यादा मुळात ४,०९६ केबी असते, तेवढी पुरते. घरगुती फायरवॉलच्या भानगडीत इतका उपयोगी आणि इतका दुर्लक्षित कागद दुसरा नाही. अंदाज बांधत सेटिंग फिरवण्यापेक्षा पाच मिनिटं ही नोंद वाचावी.

वहिनींना वरून प्रोग्रॅम उघडायला सांगितला. नोंदीत ओळी आल्या: ड्रॉप (म्हणजे अडवलं), यूडीपी, लॅपटॉपचा पत्ता, डेस्कटॉपचा पत्ता, आणि शेवटी पोर्ट १४३४. स्लॅमरचा तोच पोर्ट.

हा पोर्ट इथे का येतो, ते थोडं समजून घ्यावं लागतं. एका यंत्रावर एसक्यूएल सर्व्हरच्या अनेक प्रती नावानं बसू शकतात. नाव दिलेली प्रत ठरावीक पोर्टवर बसत नाही. सुरू होताना मोकळा असेल तो पोर्ट घेते. मग हाक मारणाऱ्याला कसं कळणार? त्यासाठी एसक्यूएल ब्राउझर नावाची एक वेगळी सेवा १४३४ वर बसून असते. लॅपटॉप आधी तिला विचारतो, ‘अमुक नावाची प्रत कुठल्या पोर्टवर आहे?’ ती नंबर सांगते, मग लॅपटॉप त्या नंबरवर टीसीपीनं जोडतो. म्हणजे एका जोडणीसाठी दोन वाटा मोकळ्या हव्यात. इथे पहिलीच बंद होती.

आत येणाऱ्या नियमांच्या यादीत बघितलं तर १४३४ साठी परवानगीचा नियम होता. प्रोग्रॅम बसवणाऱ्यानं पूर्वी केलेला, हिरवी खूण, चालू. तरीही पाकीट अडतंय. नियम उघडून प्रोफाइलचा टॅब बघितला, तिथे फक्त प्रायव्हेटवर खूण. आणि डेस्कटॉपचं नेटवर्क विंडोजनं पब्लिक ठरवलेलं.

याचं कारण नवा राउटर. विंडोज नेटवर्क ओळखतं ते मुख्यतः समोरच्या राउटरवरून. राउटर बदलला की त्याच्या लेखी हे नवं, अनोळखी नेटवर्क. मग ते उजव्या बाजूला एक पट्टी काढून विचारतं, या नेटवर्कवरच्या इतर यंत्रांना तुमचा संगणक दिसू द्यायचा का? त्या गडबडीत कोणीतरी ‘नो’ दाबलं होतं, किंवा न दाबताच पट्टी गेली. दोन्हीचा परिणाम पब्लिक. स्टेशनवरच्या वाय-फायला लावायची ती कडक शिस्त घराला लागली, आणि प्रायव्हेटसाठी केलेले सगळे नियम एका फटक्यात निरुपयोगी झाले. नियम यादीत दिसत राहतात, हिरवेच दिसतात. म्हणूनच हा दोष माणसाला चकवतो.

सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क प्रायव्हेट केलं. वहिनींनी पुन्हा प्रोग्रॅम उघडला. पुन्हा तोच संदेश, ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’.

दुसरा अडथळा

इथे बहुतेक जण हात टेकतात, किंवा त्याहून वाईट, केलेली दुरुस्ती ‘उपयोग नाही’ म्हणून परत फिरवतात. अण्णांच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं. त्यांना मी त्यांच्याच धंद्यातलं सांगितलं: ताण्याचे दोन धागे एका वेळी तुटले असतील, तर एक सांधून कापड नीट येणार नाही, पण म्हणून तो सांधलेला धागा सोडवायचा नसतो. त्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले.

पडद्यावरचा संदेश अक्षरशः तोच होता, पण लॉग बदलला होता. १४३४ च्या ओळी गेल्या. त्यांच्या जागी ड्रॉप, टीसीपी, आणि पोर्ट ५०३२४. म्हणजे ब्राउझर सेवेनं उत्तर दिलं, लॅपटॉप पुढच्या वाटेला लागला आणि तिथे अडला. आपण एक पायरी पुढे आलो होतो. बिलिंग प्रोग्रॅम दोन वेगळ्या अडचणींना एकच वाक्य लावत होता. खरं तर एसक्यूएल सर्व्हर या दोन वेळी वेगवेगळे दोष कळवतो, पहिल्यात ‘प्रत सापडत नाही’, दुसऱ्यात ‘वेळ संपली’ अशा अर्थाचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तो मूळ मजकूर गिऱ्हाइकापर्यंत येऊ दिला तर अशा घरांचा किती वेळ वाचेल!

यादीत टीसीपीचाही एक जुना नियम होता, पण तो ४९७१२ नंबरच्या पोर्टसाठी. बसवणाऱ्यानं त्या दिवशी जो नंबर दिसला तोच नियमात घातला होता. कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर ऐकतोय हे दाखवणारी नेटस्टॅट ही आज्ञा चालवून बघितली. एसक्यूएल सर्व्हर ५०३२४ वर ऐकत होता आणि ४९७१२ प्रिंटरसोबत आलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे होता. एसक्यूएल सर्व्हर पुन्हा सुरू होताना बहुधा मागचाच पोर्ट घेतो, म्हणून इतके महिने निभावलं. राउटर बसवताना डेस्कटॉप बंद करून पुन्हा चालू केला गेला. या वेळी प्रिंटरचा प्रोग्रॅम आधी उठला, ४९७१२ घेऊन बसला. डेटाबेसनं दुसरा नंबर घेतला. ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यातले पोर्ट विंडोज कोणालाही देऊ शकतं, तिथे कोणाची जागा राखीव नसते.

राउटर बदलणं आणि पोर्ट सरकणं या दोन घटना एकाच दिवशी घडल्या, पण पोर्ट सरकला तो डेस्कटॉप पुन्हा सुरू झाल्यामुळे, नव्या राउटरमुळे नव्हे. दुसरा अडथळा राउटर न बदलताही कुठल्याही दिवशी, एखाद्या वेळी लाइट जाऊन आल्यावर, उभा राहिला असता.

नियम किती लहान करायचा

आता दोन पर्याय होते. एक, पोर्टचा नियम सोडून एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोग्रॅम फाइललाच परवानगी देणं. मग पोर्ट कुठलाही येवो. ही पद्धत चुकीची नाही, पण त्या फाइलच्या पत्त्यात आवृत्तीचा नंबर असतो. डेटाबेसची आवृत्ती बदलली की पत्ता बदलतो आणि नियम पुन्हा निरुपयोगी. शिवाय १४३४ उघडाच ठेवावा लागतो. दोन, डेटाबेसला एकाच पोर्टवर बांधून टाकणं. मी दुसरा घेतला.

एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये त्या प्रतीचं टीसीपी-आयपी उघडलं. शेवटी ‘आयपी ऑल’ असा भाग असतो. तिथे ‘टीसीपी डायनॅमिक पोर्ट्स’ची चौकट पूर्ण रिकामी केली. शून्य ठेवायचं नाही, शून्याचा अर्थ ‘तूच निवड’ असाच होतो. खालच्या ‘टीसीपी पोर्ट’मध्ये १४३३ घातला आणि सेवा पुन्हा सुरू केली.

मग फायरवॉलमध्ये नवा नियम: आत येणारी जोडणी, टीसीपी, पोर्ट १४३३, प्रोफाइल फक्त प्रायव्हेट. स्कोपच्या टॅबमध्ये समोरच्याचा पत्ता लिहिता येतो. बरेच जण तिथे ‘लोकल सबनेट’ निवडतात, म्हणजे घरातली सगळी यंत्रं. पण या घरात धोका ज्यांच्याकडून तेही मोबाइल त्याच सबनेटमध्ये आहेत. म्हणून मी फक्त वहिनींच्या लॅपटॉपचा पत्ता लिहिला. तो पत्ता बदलू नये यासाठी राउटरमध्ये लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोघांचे पत्ते राखून ठेवले. राउटर यंत्राला त्याच्या हार्डवेअर पत्त्यावरून ओळखतो; लॅपटॉपवर तो पत्ता बदलत ठेवणारी ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ची सोय चालू असेल तर असं राखणं टिकत नाही, म्हणून ती बंद आहे हे बघून घेतलं.

प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन पोर्ट लिहिला. एसक्यूएल सर्व्हरला तिथे स्वल्पविरामच लागतो, विसर्गासारखी दोन टिंबं चालत नाहीत. पोर्ट आपणच सांगितला की ब्राउझरला विचारायची गरज उरत नाही.

प्रोग्रॅम तरीही रखडला. लॉगमध्ये पुन्हा ड्रॉप, पोर्ट १४३३ च, पण या वेळी समोरचा पत्ता ‘एफई८०’ नं सुरू होणारा. हा आयपीव्ही६ चा घरगुती पत्ता. संगणकाच्या नावानं हाक मारली की विंडोज आधी आयपीव्ही६ नं जोडायला जातं. माझा नियम लॅपटॉपच्या आयपीव्ही४ पत्त्यापुरता, म्हणजे १९२.१६८ वाल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यापुरता होता, त्यामुळे पहिली हाक गिळली जात होती आणि तिची वाट बघण्यातच प्रोग्रॅमची वेळ संपत होती. सर्व्हरच्या नावाऐवजी डेस्कटॉपचा १९२.१६८.१.१० हा पत्ता आणि पुढे स्वल्पविराम देऊन १४३३ असं लिहिलं, आणि वरच्या मजल्यावर पासवर्डची खिडकी तत्काळ उघडली.

त्यानंतर मागची सफाई. १४३४ चा आणि ४९७१२ चा असे दोन्ही जुने नियम काढले. ब्राउझर सेवा थांबवली आणि आपोआप सुरू होणार नाही अशी ठेवली, या घरात तिचं आता काही काम नाही. यादी वाचताना लाल खुणेचे दोन नियमही दिसले, मोबाइलवरून स्कॅन घेणाऱ्या एका प्रोग्रॅमचे. पहिल्यांदा विंडोजनं ‘परवानगी द्यायची का’ विचारलं तेव्हा कोणीतरी कॅन्सल दाबलं होतं. कॅन्सल म्हणजे ‘नंतर बघू’ असं वाटतं, पण विंडोज त्याचे अडवण्याचे कायमचे नियम करून ठेवतं, एक टीसीपीचा, एक यूडीपीचा. आणि अडवण्याचा नियम परवानगीच्या नियमाला नेहमी भारी पडतो. वर कितीही परवानग्या द्या, तो लाल नियम काढल्याशिवाय काही होत नाही. स्कॅन का होत नाही म्हणून भाचा हैराण होता, तेही सुटलं.

तपासणी

लॅपटॉपवरून पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा द्यायच्या खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेनं १४३३ तपासला, ‘ट्रू’ आलं. मग भाच्याच्या मोबाइलवरून, त्याच वाय-फायवर, तोच पोर्ट तपासला. काहीच उत्तर नाही. ही दुसरी तपासणी पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे. हवं ते आत येतंय एवढं बघून थांबलं तर नको ते अडतंय की नाही हे कधी कळत नाही.

इथे एक बारकावा. फायरवॉल चालू असताना विंडोज रिकाम्या पोर्टवरही गप्पच राहतं, ‘इथे कोणी नाही’ असंसुद्धा सांगत नाही. म्हणून नुसत्या शांततेवरून नियम काम करतोय असं ठरवू नये. लॉगमध्ये मोबाइलचा पत्ता आणि ड्रॉप असं दोन्ही दिसलं, तेव्हा खात्री झाली.

मग मेन स्विचच खाली केला. राउटर, डेस्कटॉप सगळं बंद. पुन्हा चालू केल्यावर पत्ते तेच राहिले, नेटवर्क प्रायव्हेटच राहिलं, डेटाबेस १४३३ वरच उठला. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो आणि लाइटचा भरवसा राहत नाही, त्यामुळे ही परीक्षा आजच घेणं बरं होतं. फायरवॉल काही दिवस बंद होती, म्हणून डेस्कटॉपची संपूर्ण तपासणी रात्रभर चालवायला लावली. त्यात काही सापडलं नाही.

पाहुण्यांसाठी राउटरमध्ये गेस्ट वाय-फाय चालू केलं. भिंतीवर आता त्याचाच पासवर्ड आहे, घरचा बदलला. कामगारांच्या मोबाइलवर इंटरनेट पूर्वीसारखंच चालतं, फक्त डेस्कटॉप त्यांना दिसत नाही. अण्णांना हे सगळ्यांत जास्त आवडलं, कारण यात कोणाला नाही म्हणावं लागलं नाही.

डेस्कटॉपच्या शेजारी एक कागद लावला आहे. त्यावर दोन्ही यंत्रांचे पत्ते, पोर्ट, नियमाचं नाव, आणि राउटर बदलला तर नेटवर्क पुन्हा प्रायव्हेट करायचं ही सूचना. वहिनींनी तो स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि लिहिताना प्रत्येक ओळ का आहे हे विचारून घेतलं. फोनवरचा माणूस पुढच्या वेळी फायरवॉल बंद करा म्हणाला, तर त्याला कोणता पोर्ट आणि कोणतं प्रोफाइल विचारायचं हे त्यांना माहीत आहे.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड बदलायचा आहे, पण तो प्रोग्रॅमच्या आतही लिहिलेला असल्यामुळे कंपनीच्या माणसाशिवाय होणार नाही. त्यांना तसं लेखी कळवलं आहे. आणि डेस्कटॉपवर विंडोज १० आहे, ज्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवं यंत्र घ्यावं लागेल आणि डेटाबेस तिकडे हलवावा लागेल. हलवताना माहिती जाते, फायरवॉलचे नियम आणि बांधलेला पोर्ट आपोआप जात नाहीत, ते कागद बघून पुन्हा करायचे. अण्णांनी त्यासाठी गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेनंतरचा आठवडा सांगितला आहे.